सावली बघून दिवस आखायचा: मे महिन्यात अकरा मुलं घेऊन वेरूळ

मे महिना लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घरी भाचवंडं जमतात. ठाण्याची तीन, पुण्याची दोन, नांदेडची दोन, दिरांची इथलीच दोन आणि शेजारच्या दोघी बहिणी. एकूण अकरा. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची, सगळ्यात मोठी चौदाची. आल्या दिवसापासून एकच प्रश्न: ‘आत्या, वेरूळला कधी?’ कुणासाठी मी आत्या, कुणासाठी मावशी, कुणासाठी काकू, पण प्रश्न तोच.

‘उन्हाळ्यात लेणी बघू नका, पावसाळा संपल्यावर या’ असं सगळेच सांगतात. ते खरंही आहे. ऑक्टोबरात वेरूळचा डोंगर हिरवागार असतो. पण शाळांना सुटी मेमध्ये असते आणि मुलं तेव्हाच येतात. म्हणून मेमध्येच, बेचाळीस अंशांच्या गावात, मुलांना त्रास न होता आणि त्यांना खरोखर काहीतरी दिसेल असा दिवस कसा आखायचा, ते गेली बारा-तेरा वर्षं करत करत मी शिकले. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे सूर्य आणि दिशा हा माझा रोजचा विषय. त्याचाच इथे सगळ्यात जास्त उपयोग झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाणांची यादी आधी करू नका. सावली कुठे, किती वाजता असते ते आधी काढा आणि त्यात बसतील तेवढीच ठिकाणं घ्या.

वेरूळ सकाळीच का

वेरूळची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत त्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्य उगवतो तो डोंगराच्या पाठीमागून. सकाळी लेण्यांच्या दारात, अंगणात, समोरच्या पायवाटेवर डोंगराचीच सावली असते. दुपार कलली की तेच ऊन थेट लेण्यांच्या तोंडात शिरतं. फोटो काढणाऱ्यांना ते ऊन हवं असतं, कारण पश्चिमेच्या उजेडात मूर्ती उठून दिसतात. आपल्याला मुलं जपायची आहेत, फोटो नंतर कधीतरी काढता येतील.

दुसरं, तो दगड बेसाल्ट आहे, काळा. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी परत देतो. एकदा आम्ही ‘ऊन उतरल्यावर जाऊ’ म्हणून पाच वाजता पोचलो होतो. उन्हाचा चटका कमी झाला होता, पण कैलास लेण्याच्या अंगणात भिंतींतून भट्टीसारखी धग येत होती. सकाळी सहाला तोच दगड हाताला गार लागतो. रात्रभर निवलेला असतो.

तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावी मुलांना नेणार असाल तरी हाच हिशोब करा. वाड्याचं, किल्ल्याच्या पायऱ्यांचं, देवळाच्या प्रांगणाचं तोंड कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात आदल्या रात्री बघता येतं. पूर्वेला तोंड असेल तर सकाळी ऊन अंगावर येतं, पश्चिमेला असेल तर दुपारनंतर.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे आधी बघून घ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण मोठ्या दिसणाऱ्या मुलांचं आधारकार्ड बरोबर असू द्या. आणि आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर मी जात नाही. मुलं रडली, रुसली तरी नाही. दोन दिवसांनी जाते.

आदल्या रात्रीची तयारी

पाण्यापासून सुरुवात. अकरा मुलं आणि तीन मोठी माणसं यांना मी वीस लिटरचा जार गाडीत ठेवते, शिवाय प्रत्येकाच्या खांद्याला त्याची स्वतःची बाटली. दुपारी चारपर्यंत जार संपलेला असतो. कमी पाणी नेऊन तिथे विकत घेऊ, असं करू नका. नेमकं हवं तेव्हा जवळ नसतं.

बाटल्या फ्रीजमध्ये दगड होईपर्यंत ठेवू नका. बर्फाचं पाणी मुलं घोटभरच पितात आणि दात धरून बसतात. माठाचं पाणी भरावं आणि बाटलीवर जुना सुती मोजा ओला करून चढवावा. आमच्याकडची हवा कोरडी. मोज्यातलं पाणी भराभर उडतं आणि बाटली गार राहते. पूर्वी जीपला छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, टांगायचे ती याच कारणाने. मोजा वाळला की पुन्हा ओला करायचा, हे काम मुलं आवडीने करतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही.

दमट हवेवरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. ठाण्याच्या मुलांना घामाने निथळायची सवय असते. इथे आल्यावर ती म्हणतात, ‘आत्या, इथे घामच येत नाही.’ घाम येतो, पण येताक्षणी वाळतो. अंग कोरडं राहतं म्हणून तहानेकडे लक्ष जात नाही आणि मूल आतून सुकत जातं. कोकणातून, मुंबईतून आलेल्या मुलांवर म्हणूनच दुप्पट लक्ष ठेवायचं.

डब्यात मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुळांबा नेते. धपाटे दिवसभर टिकतात आणि हातात धरून खाता येतात. शिवाय दहीभात. तो करताना गरम भातात कोमट दूध भरपूर घालायचं आणि दही फक्त विरजणापुरतं. दुपारी बारापर्यंत डब्यातच गोड दही लागतं. सकाळीच सगळं दही घातलं तर जेवणाच्या वेळी आंबून जातं. थर्मासात ताक, त्यात जिरेपूड आणि मीठ. कैरीचं पन्हं घट्ट करून बाटलीत न्यायचं आणि तिथे पाणी घालायचं. काकड्या आणि खारे दाणे सुटे. टरबूज अख्खं न्या आणि तिथेच चिरा, चिरलेलं नेऊ नका.

आमच्या सासूबाई प्रत्येक मुलाच्या खिशात एक कांदा ठेवतात. ठेवू देते. त्यामागे त्यांचा जीव असतो. फक्त मुलांना सांगते की कांदा खिशात आहे म्हणून पाण्याचा घोट चुकवायचा नाही.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. बाह्या नसलेले कपडे मुलांना थंड वाटतात, पण ऊन कातडीवर घेण्यापेक्षा कापडावर घेतलेलं बरं. काठ असलेली टोपी. मोठं सुती उपरणं प्रत्येकाला, आणि सगळ्यांना एकाच रंगाचं. आमची हळदी रंगाची आहेत. गर्दीत मुलं चटकन दिसतात. लागलं तर तेच ओलं करून मानेवर टाकता येतं, बसायला अंथरता येतं. पायात बूट किंवा पट्ट्यांच्या चपला, आणि खिशात सुती मोज्यांचा जोड. कैलास लेण्यात वरच्या मंदिरात पादत्राणं काढावी लागतात आणि घृष्णेश्वराच्या आवारातही. उन्हात तापलेल्या फरशीवर मुलांचे तळवे भाजतात. मोजे घातले की प्रश्न मिटतो.

पिशवीत ओआरएसची पाकिटं सहा, एक टॉवेल, शिट्टी, टॉर्च, थोडे कागद आणि पेन्सिली. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप अंदाजाने घ्यायचं नाही. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

निघायचं पावणेसहाला

क्रुझर भाड्याने ठरवते. आमची सगळी मंडळी तिच्यात मावतात. ड्रायव्हरदादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवते की गाडी झाडाखाली लावायची, मग ते झाड दोनशे पावलं लांब असलं तरी चालेल. उन्हात उभ्या गाडीत कुणा लेकराला ‘झोपलंय, असू दे’ म्हणून पाच मिनिटंही ठेवायचं नाही.

वेरूळ इथून तीस किलोमीटर. वाटेत दौलताबाद लागतं आणि गाडीत एकच गलका होतो: ‘किल्ला! किल्ला!’ इथे मन घट्ट करायचं. दौलताबाद आणि वेरूळ एका दिवसात, तेही मेमध्ये आणि मुलांबरोबर, करू नका. बहुतेक सहलवाले ते करतात. मीही एकदा केलं.

तेव्हा आम्ही आठ मुलं घेऊन अकरा वाजता दौलताबादच्या पायथ्याशी होतो, पोटभर पुरीभाजी खाऊन. अंधारीपर्यंत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेपर्यंत, सगळे हसत-खेळत होते. त्या बोळकांडीत गारवा असतो, वटवाघळांचा वास असतो, मुलांना ते थरारक वाटतं. अंधारीतून बाहेर आलो की पुढच्या पायऱ्या उघड्या कातळावर. तिथे नऊ वर्षांचा भाचा मधेच खाली बसला. आधी तोंड लालबुंद होतं, मग पांढरं पडलं. सतत बडबडणारा मुलगा गप्प झाला. विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय. आणि उलटी झाली.

त्याला उचलून परत अंधारीच्या तोंडाशी सावलीत आणलं. शर्ट काढला, उपरणं भिजवून मानेवर आणि काखेत ठेवलं, पाय उंच केले, टोपीने वारा घातला. उलटी थांबल्यावर चमचा-चमचा ओआरएस. अर्ध्या तासाने तो बोलायला लागला. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की ही चूक पुन्हा करायची नाही. उन्हात मूल गप्प झालं तर तीच पहिली खूण समजायची. रडणारं, कुरकुरणारं मूल अजून ठीक असतं.

पुढची पायरी याहून गंभीर असते. मूल असंबद्ध बोलू लागलं, झटका आला, शुद्ध हरपत चालली, अंग तव्यासारखं तापलं तर तो उष्माघात समजायचा. मग तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन लावायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतत, वारा घालत राहायचं. बरोबरच्या सगळ्या मोठ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा. त्या क्षणी समजावून सांगायला वेळ नसतो.

लेण्यांचा क्रम: उघडं आधी, खोल नंतर

लेणी सूर्योदयाला उघडतात. एकूण चौतीस: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायची नाहीत. आम्ही पाच बघतो आणि मुलांना ती पाचही आठवतात.

पहिलं सोळा नंबर, कैलास. कारण ते आकाशाला उघडं आहे. डोंगरात वरून खाली खोदत नेलेला हा तीसेक मीटर खोल चौक. सकाळी पूर्वेच्या कड्याची सावली त्यात भरून असते. नऊनंतर ती झपाट्याने ओसरते.

आत शिरताच समोर गजलक्ष्मी आहे. बहुतेक लोक तिच्या बाजूने पुढे निघून जातात. तुम्ही मुलांना तिथे खाली बसवा. लक्ष्मी कमळांच्या तळ्यात बसली आहे आणि हत्ती तिच्या डोक्यावर घागरींनी पाणी ओतताहेत. तळ्यात पानं आहेत, कळ्या आहेत. मागच्या वर्षी धाकटी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, हिला उकडत होतं का?’ मी म्हटलं, असेल. आणि सगळ्यांना पाण्याचा पहिला घोट तिथेच घ्यायला लावला. आता ती आमची रीतच झाली आहे.

मग मुलांना एकच प्रश्न द्यायचा: कारागिरांनी पहिली छिन्नी कुठे मारली असेल? सगळी पायाकडे बोट दाखवतात. मग कळसाकडे बघायला सांगायचं. इथे काही चढवलेलं, रचलेलं नाही. डोंगर वरून काढत आणला आणि देऊळ उरलं. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांचा राजा पहिला कृष्ण याच्या काळात. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात असं वर्णन आहे की हे मंदिर बघून आकाशातले देव चकित झाले आणि ते घडवणाऱ्या शिल्पीलाही वाटलं, हे मी कसं काय केलं! ही गोष्ट सांगितली की मोठी मुलं पुन्हा एकदा मान वर करून बघतात.

मंदिराच्या एका भिंतीवर रामायण आहे आणि दुसरीवर महाभारत, चित्रकथेसारखं ओळींत. मी दोन गट करते आणि ओळखीचे प्रसंग शोधायला लावते. दक्षिणेच्या बाजूला खाली रावण कैलास हलवतोय, वर पार्वती शंकराला बिलगली आहे. हत्ती मोजायला लावले तर अर्धा तास कुणी ‘कंटाळा आला’ म्हणत नाही. उत्तरेच्या बाजूला गंगा, यमुना, सरस्वती अशा तिघी नद्यांचं लहानसं देवघर आहे. तिथे दुसरा घोट.

इथे दोन गोष्टींची ताकीद द्या. कड्याला आग्या मोहोळ असतं. ओरडायचं नाही, दगड भिरकवायचा नाही, त्या दिवशी कुणी अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून यायचं नाही. आणि वानरं. खाऊची पिशवी हातात दिसली की ती येतात. खाऊ गाडीतच ठेवा.

साडेआठच्या सुमारास जैन लेणी, बत्तीस नंबरची इंद्रसभा. ती उत्तरेला लांब आहेत. आतली बस मिळते का ते तिकीटखिडकीवरच विचारून ठेवा. बस नसेल तर ही लेणी सोडून द्या, मुलांना तापत्या रस्त्याने चालवू नका. गेलात तर वरच्या मजल्यावरची अंबिका चुकवू नका. सिंहावर बसलेली, जवळ मूल आणि डोक्यावर आंब्याचं झाड. त्या झाडाला दगडाचे आंबे लगडलेत, पानांच्या गुच्छात लोंबणारे. मे महिन्यात, घरी आढी घातलेली असताना, मुलांना हे शिल्प सगळ्यात आपलं वाटतं. गेल्या वर्षी पुण्याचा भाचा एकेक करून आंबे मोजत होता आणि कुठला पाड लागलेला आहे ते बहिणीला दाखवत होता.

नऊ वाजून गेले की उघड्यावरचं बघणं संपवायचं आणि खोल लेण्यांत शिरायचं. बारा नंबर, तीन ताल. तिन्ही मजले आतून अंधारे आणि गार. टॉर्च इथे लागते. मग दहा नंबर, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. कारागिरांनी दगडात लाकूड घडवलं म्हणून हे नाव. त्या छताखाली आवाज घुमतो. दुसरं कुणी ध्यान करत नसेल तर मुलांना एकच सूर हळू, लांब धरायला सांगते. सूर थांबल्यावरही तो थोडा वेळ वर राहतो. त्या क्षणी अकराही मुलं शांत असतात, मला ते फार आवडतं.

शेवटी पाच नंबर. आत खोलवर गेलेल्या लांबलचक दालनात दगडाचे दोन बुटके ओटे समांतर कोरलेले आहेत. भिक्षू तिथे अभ्यासाला किंवा जेवायला बसत असावेत. मुलांना दोन्ही बाजूंनी पंगतीसारखं बसवायचं. खायचं काही नाही, लेण्यात खाऊ काढू नये. नुसतं बसायचं आणि पाणी प्यायचं. पंधरा मिनिटं. पाय मोकळे होतात.

पावणेअकराला बाहेर. अजून कितीही राहिलं असलं तरी.

पाण्याची शिट्टी आणि शू

दर वीस मिनिटांनी मी शिट्टी वाजवते आणि सगळे जिथे असतील तिथे थांबून चार घोट पितात. तहान लागली का, असं विचारत नाही. खेळात असलेलं मूल नेहमी नाहीच म्हणतं. आग्या मोहोळाच्या परिसरात शिट्टीऐवजी उपरणं हलवते.

प्रत्येक मोठ्या मुलाला एक लहान मूल जोडून दिलेलं असतं. मोठ्याने लहानाची बाटली बघायची आणि लहानाने मोठ्याची टोपी. प्रत्येक लेण्यातून निघताना मोजणी. मी माणसं मोजत नाही, जोड्या हाक मारतात.

आता एक गोष्ट जी कुणी सहसा लिहीत नाही. मोठ्या मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत. बाहेरची स्वच्छतागृहं त्यांना नको असतात. अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलीकडे बघा, घोट घेतल्यासारखं करून बाटली खाली ठेवते. रागावून उपयोग नाही. मी सकाळी पोचताच, गर्दीच्या आधी, सगळ्यांना एकदा नेऊन आणते. साबणाचा कागद, पाण्याची वेगळी बाटली आणि पॅडची पाकिटं माझ्या पिशवीत असतात, आणि ती तिथे आहेत हे मुलींना आधीच सांगितलेलं असतं. पुन्हा कधी आणि कुठे जायला मिळणार तेही सांगते. मग त्या मोकळेपणाने पितात. सगळ्यांनाच एक खूण शिकवली आहे: शू गडद पिवळी झाली किंवा तीन-चार तास झालीच नाही, तर लगेच येऊन सांगायचं. लाजायचं नाही.

अकरा ते चार: छताखाली

हा दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक लोक तो गाळतात. या पाच तासांत काहीही बघायचं नाही.

वेरूळ गावात आमच्या ओळखीच्यांचं जुनं घर आहे, आम्ही तिथे उतरतो. तुमची ओळख नसेल तर देवळाच्या आसपास राहण्याच्या खोल्या मिळतात. दोन खोल्या दिवसापुरत्या घ्या. कूलर चालू आहे ना, पाणी येतं ना, ते पैसे देण्याआधी बघून घ्या. त्या दोन खोल्यांचा खर्च हा मला सहलीतला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च वाटतो.

आल्याबरोबर हातपाय धुवायचे, पण लगेच गार पाण्याने डोक्यावरून अंघोळ नको. दहा मिनिटं बसायचं, पन्हं प्यायचं, मग पाणी अंगावर घ्यायचं. जेवण बाराच्या आत. दहीभात, धपाटे, काकडी. पोटभर पण जड नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर दुपारी मुलांना एक चमत्कार दाखवता येतो. वेरूळ वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. १९-२० मेच्या सुमारास सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा साधारण बारा पंचवीस झालेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावरची आहे. आम्ही अंगणात फिरकीचा तांब्या ठेवतो. मुलं ओसरीवर बसून बघतात. तांब्याची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाखाली जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. मग दोघा-दोघांनी पळत अंगणात जाऊन आपली सावली पायाखाली शोधायची आणि तीस सेकंदांत परत यायचं.

आणि मग मी त्यांना अंगणाची भिंत दाखवते. आम्ही आलो तेव्हा तिच्या कडेला हातभर तरी सावली होती. आता रेघभरही नाही. भिंतीच्या आडोशाला उभं राहू, हा विचार मेमध्ये भर दुपारी चालतच नाही. तेव्हा सावली देतं ते फक्त छप्पर आणि झाड. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मुलं दुपारी बाहेर जायचा हट्ट करत नाहीत.

त्यानंतर झोप. नाहीच झोपली तर कागद-पेन्सिली काढायच्या आणि सकाळी पाहिलेलं आठवून काढायला सांगायचं. फोन द्यायचा नाही. हत्ती आणि आंब्याचं झाड सगळ्यांच्या कागदावर असतं.

घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर ते या वेळात नको. अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे देखणं देऊळ आहे, पण रांग आणि तापलेलं आवार मुलांना सोसत नाही. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, तेही लक्षात असू द्या. आम्ही साडेचारला, निघता निघता, जमलं तर जातो. मालोजीराजांची गढीही तेव्हाच, दहा मिनिटं.

परतीच्या वाटेवर

रस्त्यात घुंगरांचा आवाज करणारी रसवंती दिसली की गाडी थांबवावीच लागते. उसाचा रस द्या, पण बिनबर्फाचा, आणि ग्लास आपले न्या. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. गोळ्याचंही तसंच. घरी पाणी उकळून बर्फ करून ठेवते आणि रात्री कोकमाच्या आगळाचा गोळा घरीच करते.

साडेपाच-सहाला शहरात पाणचक्की. संध्याकाळसाठी मुलांना नेण्यासारखं याहून चांगलं ठिकाण मला इथे सापडलेलं नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, जुन्या वडाच्या प्रचंड सावलीत हौद आहे. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून उंच भिंतीवर चढवलेलं, तिथून ते हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी धान्य दळलं जायचं. हौदाच्या खाली दालन आहे. दालनाचं छत म्हणजे हौदाचा तळ, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहतं. बाटलीवरच्या ओल्या मोज्याची आठवण करून दिली की मुलं ते पटकन जोडून घेतात. मेमध्ये पाण्याची धार कधी कधी बारीक असते, पण वड असतोच.

सातला घरी. अंघोळी, वरणभात, आंबा. रात्री निजल्यावर मी एकदा दहाला आणि एकदा मध्यरात्री उठून सगळ्यांच्या कपाळाला हात लावून बघते. दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं नाही.

टोप्या भिजत घालण्याआधी ओळीने मांडून बघा. कपाळाच्या पट्टीवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. कुणाची बारीक, कुणाची बोटभर. ज्याची रेघ जाड, त्याच्या ताटाशेजारी मी दुसऱ्या दिवशी मीठ-जिऱ्याच्या ताकाचा मोठा पेला ठेवते. मागच्या मेमध्ये तो ठाण्याच्या तिघांसमोर होता.